टाचणीनं जोडलेली दोन पानं

बाई,

गुडघा कसा आहे तुमचा? विभागाचा जिना चढताना मधेच थांबून "मामा, ही पायरी मागच्या आठवड्यात एवढी उंच नव्हती" म्हणायचात. तिकडे जिने नसतील तर बरंच झालं. तुमच्या साहेबांचा दमा थंडीत उचल खायचा, तो आता बसला असेल. सासूबाईंचे डोळे? मोतीबिंदू काढायला त्या शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत, दिसतंय तेवढं पुष्कळ आहे म्हणायच्या. आणि मागच्या दारी येणारी ती करडी मांजर? तिला तुम्ही ‘परीक्षक’ म्हणायचात, कारण ती दूध हुंगून बघायची आणि बहुतेक वेळा नापास करून निघून जायची. आमच्याकडे सगळं ठीक. हिची साखर ताब्यात आहे. माझे कान तेवढे गेलेत, डावा पूर्ण आणि उजवा माझ्या सोयीनं. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं होत आली, तुमच्या पंचवटीच्या घरात आता ज्याची तब्येत विचारावी असं कुणी उरलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण पत्र लिहायचं म्हटल्यावर एकेकाची विचारपूस केल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही.

आज लिहायला बसलो त्याला कारण नांदगावची ताई. परवा येऊन गेली. केस पिकलेत, चष्मा जाड झालाय, पण बसल्या बसल्या समोरच्या पुस्तकाचा कोपरा नखानं सरळ करायची सवय तीच. जन्मभर कॉलेजात मराठी शिकवलं, आता निवृत्त झाली, तरी घरी चार मुलं येतात वाचायला. म्हणाली, "मामा, आपली ती शनिवारची गोष्ट मी मुलांना सांगते, तर त्यांना वाटतं बाई रचून सांगतात. तुम्ही तुमच्या हातानं लिहून द्या. तुम्ही साक्षीदार." मी हो म्हणून बसलो. कागद घेतला आणि तिसऱ्या ओळीला अडलो. त्या गोष्टीतला एक घास माझ्या घशात राहिलाय. तो तुम्हाला कधी दाखवला नाही, आणि तुमच्या आधी तिला दाखवणं मला बरं वाटेना.

तुम्हाला आठवतं ना, मी सातवी झालेला माणूस. मराठी विभागात हंगामी शिपाई म्हणून लागलो तेव्हा वाचायचा नाद होता, पण तो भुकेल्या माणसानं समोर येईल ते खावं तसा. आमच्या वस्तीतल्या विहारात पुस्तकांचं एक कपाट होतं, ते मी डावीकडून उजवीकडे वाचून काढलं होतं. चरित्रं, नाटकं, कथा आणि मधेच एक कुक्कुटपालनावरचं. तेही सोडलं नाही. एका दुपारी विभागाच्या दाराशी स्टुलावर वाचताना तुम्ही मला पकडलंत. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही विचारलंत, "कसं आहे?" मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "छान आहे." तुम्ही म्हणालात, "छान तर चहाही असतो. ह्यात काय छान आहे ते सोमवारी सांगा." आणि निघून गेलात. ते चार दिवस मी डोकं खाजवत काढले. सोमवारी तुमच्या टेबलासमोर उभा राहून म्हणालो, "त्यातली आई रडत नाही, भांडी घासत बसते. म्हणून मला रडू आलं." तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. "हं," म्हणालात, "आता बोललात." त्यानंतर किती सोमवार झाले ते मोजले नाहीत. माझं एम.ए. ते तेच. त्याला परीक्षा नव्हती, म्हणून ते अजून चालू आहे.

तुमच्या पोरांचं एम.ए. मात्र शनिवारी कळायचं. शनिवारी दुपारी तुमचा तो तास, ‘झाकलेलं पान’ म्हणायचो आपण सगळे. कुठल्याशा पुस्तकातली लागोपाठची दोन पानं तुम्ही निवडून द्यायचात, कार्यालयातले टंकलेखक स्टेन्सिल कापायचे, आणि सायक्लोस्टाईलचं हँडल फिरवून प्रती काढायचं काम माझं. लेखकाचं नाव नाही, पुस्तकाचं नाव नाही, पानाचा आकडासुद्धा नाही, कारण आकड्यावरून पुस्तक ओळखणारे महाभाग तुमच्या वर्गात होऊन गेले होते. मुलांनी वाचायचं आणि अर्ध्या तासात लिहायचं, हे लेखन चांगलं आहे का आणि असलं तर कशानं. मग एकेकानं वाचून दाखवायचं आणि सगळ्यात शेवटी तुम्ही नाव सांगायचात. नाव ऐकून चेहरे कसे उतरायचे. आधी ज्याला भिकार म्हटलं तो निघायचा मोठा लेखक, ज्याच्यावर दोन पानं स्तुती केली तो कुणी गावाकडचा मास्तर. "मान आधी हलली पाहिजे, नाव नंतर," तुम्ही म्हणायचात. "नाव ऐकून मान हलवायला नंदीबैलही पुरतो." मी दर वेळी एक प्रत जास्त काढायचो. डबा खाता खाता वाचायची आणि मला काय वाटलं ते चार ओळींत एका वहीत लिहायचं. ती वही तुम्हाला दाखवली नाही. दाखवायचं धाडस होत नव्हतं आणि लपवायचंही मन होत नव्हतं, म्हणून ती कायम टेबलावर उघडीच असायची.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. त्या वर्षी वर्गात नऊ जण. त्यांची चव ठरवायचा तो कुर्तेवाला. खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी, आणि झोळीतून लेखकाचं नाव दिसेल एवढं वर आलेलं पुस्तक. पोरगा मनानं वाईट नव्हता, माझ्याकडचे जड गठ्ठे न सांगता उचलायचा. पण त्यानं एखादं पुस्तक ‘बाळबोध’ म्हटलं की संध्याकाळपर्यंत ते बाकी सात जणांनाही बाळबोध वाटायला लागायचं. आठवी तेवढी ताई. नांदगावला वडिलांची पिठाची गिरणी. रोज पॅसेंजरनं नाशिकरोडला उतरायची, तिथून बसनं कॉलेज. बोलताना एखादं ‘लय’ नाही तर ‘नाय’ निसटलं की ओठ चावायची. ती फार बोलायचीच नाही त्यामुळे.

त्या आठवड्यात तुम्हाला बैठकीसाठी पुण्याला जायचं होतं. म्हणून तुम्ही दोन शनिवारचे उतारे एकदमच दिलेत, आणि सांगितलंत की ह्या शनिवारचा तास मुलं आपला आपण घेतील, कागद सोमवारी बघेन. दोन उतारे, प्रत्येकी दोन कागद. शाई वाळावी म्हणून मी कागद बाकांवर पसरले, पंखा लावला, आणि पंख्यानं करायचं ते केलं. गोळा करताना मी पहिल्या उताऱ्याच्या पहिल्या कागदाला दुसऱ्या उताऱ्याचा दुसरा कागद लावला. एका प्रतीला नाही, सगळ्या प्रतींना. छान टाचणी मारून. आकडे नव्हतेच, कळणार कसं? पहिल्या कागदावर लासलगावच्या कांद्याच्या बाजारात एक म्हातारा कांदे निवडत बसलेला. कागदाच्या तळाशी परिच्छेद संपत होता. दुसऱ्यावर एकदम मोठ्या शहरातलं घर, खिडकीशी उभी एक बाई साडीची घडी करतेय आणि तिला आयुष्य पोकळ वाटतंय.

दुपारी मी चहा घेऊन वर्गात गेलो तेव्हा कुर्तेवाला आपलं वाचून दाखवत होता. अजून कानात आहे. पहिल्या पानावर माती, दुसऱ्यावर पोकळी, आणि मधे लेखकानं जाणूनबुजून ठेवलेलं मौन. कांद्याचा एकेक पापुद्रा सोलत आपण शहरी मनाच्या गाभ्याशी येतो आणि तिथे काहीच नसतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकेकाचं वाचून झालं, सगळ्यांना ती उडी आवडलेली, कुणाला तिच्यात काळ दिसला, कुणाला तुटलेपण. शेवटी ताई उठली. तिचा कागद अर्धाच भरला होता. ती वाचते आहे, "पहिलं पान लिहिणाऱ्यानं कांदा हातात धरलेला आहे. म्हातारा कांद्याची मान अंगठ्यानं दाबून बघतो आणि मऊ लागली की तो बाजूला टाकतो, कारण तो टिकणार नाही. हे बघितल्याशिवाय लिहिता येत नाही. दुसऱ्या पानावर बाई साडीची घडी करते, पण काठाला काठ लावत नाही. घडी कशी करतात ते लिहिणाऱ्याला ठाऊक नाही, त्याला तिचं एकटेपण सांगायची घाई आहे. पहिल्यानं साडी लिहिली असती तर काठ आधी धरला असता. हे दोन वेगळे लेखक आहेत, असं मला वाटतं."

कुणीतरी म्हणालं, "नांदगाव पॅसेंजर मनमाडलाच अडकली." हशा झाला. कुर्तेवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "अहो, नव्या लेखनात गोष्ट रुळावरून चालत नाही. तुम्हाला सवय नाही त्याची." ताई म्हणाली, "मला दिसलं ते लिहिलं. नाय पटत तर नाय." त्या ‘नाय’वर पुन्हा हशा. तोवर मी उरलेल्या कागदांचा गठ्ठा कपाटात ठेवत होतो, आणि वरच्याच कागदावर माझी नजर गेली. त्यावर तो म्हातारा होता. तोच बाजार, तेच कांदे, आता तो पोत्याचं तोंड शिवत होता. गोष्ट पुढे चालली होती, रुळावरून, आणि ती इथे माझ्या हातात होती. तो कागद मी चौपदरी घडी घालून खिशात टाकला आणि चहाचे कप गोळा करायला लागलो. ताईनं आपला कागद पर्समध्ये कोंबला. दाराशी मला म्हणाली, "मामा, बाईंना सांगा, सोमवारपासून मी येत नाही. मला वाचताच येत नाही बहुतेक. आबा म्हणतातच आहेत, बी.एड. कर." मी मान हलवली. नंदीबैलासारखी.

रविवारी संध्याकाळी तुम्ही पुण्याहून आल्याआल्या मी पंचवटीत हजर. तुम्ही पदर खोचून थालीपीठ थापत होतात. "आत या, इथेच बसा," म्हणालात आणि पायानंच पाट सरकवलात. यात्रेकरूंच्या पूजा सांगणाऱ्या तुमच्या सासरच्या घरात माझ्यासारख्याला स्वयंपाकघरात पाट मिळाला तो त्या दिवशी पहिल्यांदा. सासूबाईंनी एकदा मान वर करून बघितलं आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या. तुम्ही त्याचा गाजावाजा केला नाहीत, मीही केला नाही. मी दोन्ही कागद आणि मुलांची उत्तरं पुढे ठेवली आणि झालेलं सांगितलं. तुम्ही पिठाच्या हातानं कुर्तेवाल्याचं उत्तर धरून वाचत गेलात आणि असं हसलात की तव्यावरचं थालीपीठ एका बाजूनं करपलं. मग विचारलंत, "नांदगावचा कागद कुठे आहे?" ताईचं सगळं सांगितलं तसं हसू गेलं. गॅस बंद केलात.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तेव्हाच. सगळे हसत होते तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"मी शिपाई, बाई. एम.ए.च्या पोरांत मी कुठे तोंड घालू? त्यात हंगामी. कामातली चूक."

तुम्ही हातावरचं पीठ झटकलंत. मग म्हणालात, "शनिवारी त्या खोलीत शिपाई नसतो, मामा. वाचणारे असतात. ती बरोबर आहे हे त्या खोलीत एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो कप गोळा करत होता." एवढंच. करपलेलं थालीपीठ स्वतःच्या ताटात घेतलंत आणि मला चांगलं वाढलंत, वर लोण्याचा गोळा.

सोमवारी सकाळी दोन पुस्तकं घेऊन मी नांदगावच्या गाडीत बसलो. दोन्हींत तुम्ही कागदाच्या पट्ट्या घालून दिल्या होत्या. काय सांगू म्हणून विचारलं तर म्हणालात, "काही सांगू नका. समजूत घातलीत तर तिला वाटेल कीव करायला आलात. पुस्तकं समोर ठेवा, तिची ती वाचेल." गिरणी चालू होती. ताईचे वडील पिठानं भुवयांपर्यंत पांढरे. मला बघून म्हणाले, "कालेजातले का तुमी? बरं झालं आले. पोरगी शनवारपास्नं म्हनती, मला वाचता येत नाय. मंग सोळा वर्सं शाळंत केलं काय? परवा पोष्टाचा कागूद तर तिनंच वाचून दावला." ताई आतून आली. मी गव्हाच्या पोत्यावर पुस्तकं ठेवली आणि गप्प उभा राहिलो. तिनं एका पट्टीशी उघडलं, पान उलटलं. मग दुसऱ्या पट्टीशी. गिरणीच्या पट्ट्याचा आवाज घुमतोय, पीठ उडतंय, आणि ती दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन तिथेच पोत्यावर बसली आहे. बऱ्याच वेळानं म्हणाली, "म्हणजे मी बरोबर होते."

"हो, ताई. टाचणी माझी चुकली."

"टाचणीचं काय एवढं. मी उठून कशाला आले? मला माझंच खरं वाटलं नाही." पुस्तकावरचं पीठ तिनं पदरानं पुसलं आणि वडिलांकडे वळून ओरडली, गिरणी चालू होती ना, "आबा, उद्या डबा लवकर लागेल."

आबांनी मला विचारलं, "म्हंजी आता येतंय वाचता?"

पुढच्या शनिवारी मला वाटलं होतं तुम्ही पोरांची सालटी काढणार. तुम्ही फक्त म्हणालात, "मामा, पुढे या. ह्यांच्या कागदाची टाचणी काढा." मी कुर्तेवाल्याच्या प्रतीची टाचणी काढली. दोन कागद दोन हातांत. "हे एक पुस्तक, हे दुसरं," तुम्ही म्हणालात, आणि नावं सांगितलीत. पहिलं पान कुणा खेड्यातल्या शाळामास्तराचं, त्यानं आयुष्यात तेवढं एकच पुस्तक लिहिलेलं. आणि दुसरं ज्याचं, त्याचं नाव त्या क्षणीही कुर्तेवाल्याच्या झोळीतून बाहेर डोकावत होतं. त्यानं ते पुस्तक काढलं, पान शोधलं, सापडलं. कानापर्यंत लाल झाला. कुणी हसायच्या आत तुम्ही म्हणालात, "पानं मी निवडली होती म्हणून मला ठाऊक. तुमच्या बाकावर बसले असते तर मलाही ती उडीच वाटली असती कदाचित. मी शपथेवर नाही सांगणार." खोली एकदम हलकी झाली. मग तुम्ही दोन्ही पानांवर सगळ्यांकडून पुन्हा लिहून घेतलंत, वेगवेगळं, आणि साडीच्या पानातही एक वाक्य खरंखुरं चांगलं आहे ते ताईकडूनच शोधून घेतलंत. तिला ते कबूल करायला जड गेलं, पण केलं तिनं.

तास सुटल्यावर कुर्तेवाला तिच्या बाकाशी गेला. "ते मानेचं मला कळलंच नव्हतं," म्हणाला. "कांदा मी ताटातच बघितलाय." ती म्हणाली, "मग लासलगावला उतरा एकदा. मान दाबून बघा, आपली नाय, कांद्याची." आता सगळे हसले ते तिच्या बाजूनं, आणि ह्या खेपेला तिनं ओठ चावला नाही. तो खरोखर गेला, बाई. तुमच्यासाठी पिशवीभर कांदे आणले होते त्यानं, आणि तुम्ही पिशवी माझ्याकडे देऊन म्हणाला होतात, बघा, पोराला निवडता आलेत का. दोन सोडले तर सगळ्यांच्या माना घट्ट होत्या.

तुमच्या निवृत्तीच्या दिवशी तुम्ही सगळ्या शनिवारांचे कागद माझ्या हवाली केलेत, म्हणालात ह्याचं पुस्तक बांधा आणि तुमच्याकडेच ठेवा. ते बाड आत्ता समोर आहे. ती दोन पानं मी त्यात तशीच एकापुढे एक ठेवलीत. शाई फिकी झाली, टाचणीच्या गंजाचा तांबूस डाग आहे.

आता तो घास. त्या रविवारी शिपाई, हंगामी, असं जे मी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण खरं कारणही ते नव्हतं. त्या शनिवारी डबा खाताना मीही माझी जास्तीची प्रत वाचली होती, मीच जोडलेली. आणि वहीत लिहिलं होतं. वही शेजारीच आहे, तसंच्या तसं उतरवतो. ‘काय उडी घेतली आहे लेखकानं. कांद्यावरून थेट माणसाच्या आत. अशी हिंमत पाहिजे.’ मग वर्गात कुर्तेवाला तेच बोलला, माझ्यापेक्षा लांबलचक, पण तेच. माझी छाती फुगली, बाई. वाटलं, सातवी झालेला मी आज ह्यांच्या पंगतीला बसलो. ताई वाचायला लागली तेव्हा मनातून मला ती चुकायला हवी होती. तो कागद खिशात घातला तो नोकरीच्या भीतीनं नाही. पान मांडलेल्या पंगतीतून उठावं लागेल म्हणून. तुम्ही भरवर्गात स्वतःचं कबूल केलंत, तेव्हा मी हातात टाचणी घेऊन शेजारीच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

आता ताईला हे सगळं लिहून देईन, वहीतल्या ओळींसकट. तिची मुलं हसतील, हसू देत. हे पत्र टपालात पडणार नाही, त्या दोन पानांच्या मधे ठेवतो, टाचणी न लावता. सवड काढून उत्तर लवकर पाठवा. वाचून काय वाटलं ते लिहा, आणि नुसतं छान म्हणून सोडू नका.